कधीच न पाहिलेले मळे

ग्लॅडस्टन हे नाव आपल्याकडच्या जुन्या लोकांना माहीत असतं ते इंग्लंडचा पंतप्रधान म्हणून. विल्यम एवर्ट ग्लॅडस्टन. चार वेळा पंतप्रधान झालेला, लिबरल पक्षाचा मोठा पुढारी, १८८० साली लॉर्ड रिपनला व्हाइसरॉय नेमून हिंदुस्थानात धाडणारा. आपल्या मवाळ पुढाऱ्यांच्या पिढीचा ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीवर जो विश्वास होता, त्यात ह्या माणसाचा वाटा बराच मोठा.

पण आज लिहायचंय ते त्याच्याबद्दल नाही, त्याच्या वडिलांबद्दल. सर जॉन ग्लॅडस्टन. उसाच्या मळ्यांचा मालक, पार्लमेंटचा सभासद आणि दानशूर गृहस्थ. ही तीन विशेषणं एकापाठोपाठ वाचली की मराठी माणसाच्या ओठांवर 'साखरसम्राट' हा शब्द आपोआप येतो आणि थोडं हसूही येतं. कारखाना, निवडणूक आणि शिक्षणसंस्था हे त्रिकूट आपल्याला काही नवीन नाही. पण ह्या साखरसम्राटाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती फिरून फिरून हिंदुस्थानाच्याच दारात येते. म्हणून हा खटाटोप.

जॉन ग्लॅडस्टनचा जन्म ११ डिसेंबर १७६४ चा, स्कॉटलंडमधल्या लीथ ह्या बंदरातला. लीथ म्हणजे एडिंबरोचं बंदर. वडील धान्याचे व्यापारी. घरात मुलं पुष्कळ, खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंत नव्हेत. जॉन वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास लिव्हरपूलला गेला आणि कॉरी नावाच्या धान्याच्या पेढीत भागीदार झाला.

त्याच्या हुशारीची एक गोष्ट सांगतात. १७९० साली पेढीने त्याला धान्य खरेदीसाठी अमेरिकेला पाठवलं. माल भरून आणायला मागून जहाजंही भाड्याने घेतली. हा तिथे पोचून बघतो तर पीकच बुडालेलं! धान्य नाही आणि रिकामी जहाजं तर निघालेली. दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. ह्याने बंदरोबंदर फिरून मिळेल तो दुसरा माल जहाजांत भरला आणि पेढी बुडता बुडता वाचवली. तेव्हापासून लिव्हरपूलमध्ये त्याचं नाव झालं.

आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची. १८१३ साली ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारावरची मक्तेदारी मोडली. पुढच्याच वर्षी, १८१४ मध्ये, लिव्हरपूलहून कलकत्त्याला पहिलं खाजगी जहाज गेलं. त्याचं नाव 'किंग्जमिल' आणि ते पाठवण्यात पुढाकार जॉन ग्लॅडस्टनचा. म्हणजे हिंदुस्थानाशी ह्या घराण्याचा संबंध पोरगा पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधीपासूनचा, आणि तो व्यापाराचा.

आता साखरेकडे वळू.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर डेमेरारा नावाची नदी आहे. तिच्या आजूबाजूचा मुलूख आधी डचांकडे होता, नंतर इंग्रजांकडे आला. आजचा गयाना देश तो हाच. दुकानात तपकिरी, जाडसर दाण्याची 'डेमेरारा शुगर' मिळते ना, ती ह्याच नदीच्या नावाची. हा किनारा भरतीच्या वेळी समुद्रापेक्षा सखल असतो. डचांनी बांध घालून, चर खणून तिथे शेतजमीन काढली. म्हणजे डचांनी म्हणायचं, खरं तर ती त्यांच्या आफ्रिकन गुलामांनी काढली. उसाला पाणी लागतं हे आपल्याला माहीत आहे, पण तिथे पाण्याचा निचरा करणं हेच मोठं काम. चिखलात उभं राहून वर्षानुवर्षं चर उपसत राहायचे. त्यात ऊस हे पीक थांबून राहणारं नाही. तोडलेला ऊस लगोलग चरकात गेला पाहिजे, नाहीतर रस बिघडतो. त्यामुळे हंगामात दिवसा तोडणी आणि रात्री गुऱ्हाळ. आपल्याकडचं गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा, फक्त त्यातून ताजा रस प्यायला बोलावणारा मालक आणि संध्याकाळी घरी जाणारा गडी, हे दोघेही वगळा.

जॉन ग्लॅडस्टन ह्या धंद्यात शिरला तो सावकार म्हणून. १८०३ साली त्याने बेलमॉन्ट नावाच्या मळ्यावर गहाण ठेवून कर्ज दिलं. तिथल्या मळेवाल्यांना रोख पैसा सतत लागायचा, लिव्हरपूलचे व्यापारी तो द्यायचे आणि कर्ज फिटलं नाही की मळा व्यापाऱ्याकडे यायचा. ही रीत आपल्याला काही समजावून सांगायला नको! १८१२ साली 'सक्सेस' नावाच्या मळ्यातला अर्धा हिस्सा त्याने घेतला, १८१६ मध्ये उरलेला अर्धा. तिथे आधी कॉफी होत असे. ह्याने ऊस लावला. उसात पैसा जास्त आणि काबाडही जास्त. पैसा लिव्हरपूलला यायचा आणि काबाड डेमेराराला व्हायचं.

मळे वाढत गेले तसा दबदबाही वाढला. लिव्हरपूलच्या वेस्ट इंडियन व्यापाऱ्यांच्या संघटनेचा तो अध्यक्ष झाला. जॉर्ज कॅनिंग हा मोठा पुढारी १८१२ मध्ये लिव्हरपूलमधून निवडून आला, त्यामागेही ग्लॅडस्टनची खटपट होती. पुढे १८१८ पासून तो स्वतः पार्लमेंटात गेला. आधी लँकेस्टर, मग वुडस्टॉक, शेवटी बेरिक. बेरिकची निवडणूक विरोधकांच्या अर्जावरून १८२७ मध्ये रद्द झाली आणि त्याची पार्लमेंटातली कारकीर्द संपली. भाषणांनी सभागृह गाजवलं वगैरे काही नाही. व्यापार, धान्य, साखर, जहाजं हे त्याचे विषय, आणि त्यात मात्र मंत्र्यांनाही त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागे.

दानधर्माचं म्हणाल तर तो नुसता नावापुरता नव्हता. १८१५ च्या सुमाराला त्याने लिव्हरपूलमध्ये सेंट अँड्र्यूज आणि जवळच्या सीफोर्थ गावात सेंट थॉमस अशी दोन चर्चं बांधली. मुलांसाठी शाळा काढल्या. म्हातारपणी, १८४० च्या सुमाराला, जन्मगावी लीथला आणखी एक चर्च बांधलं आणि त्याला जोडून शाळा, पाद्र्याचं घर, आणि बऱ्या न होणाऱ्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या बायकांसाठी एक आसरा. हे शेवटचं वाचल्यावर मी थांबलो. असाध्य रोगाच्या गरीब बायकांचा विचार त्या काळात किती जण करत असतील? हा माणूस ढोंगी नव्हता. घरात रोज प्रार्थना, मुलांवर शिस्त, नातेवाइकांना मदत, गावाची आठवण. आपल्या ओळखीत असता तर आपण त्याला 'भला माणूस' म्हटलं असतं.

आणि ह्या भल्या माणसाने डेमेरारा आयुष्यात एकदाही पाहिला नाही.

मळे चालायचे ते पत्रांवर. तिथे कॉर्ट नावाचा मुखत्यार होता. तो हिशेब पाठवायचा, किती साखर निघाली, किती रम, किती गुलाम कामावर, किती आजारी. सोबत 'सगळं आलबेल आहे, लोक खुशीत आहेत' हेही. आणि ग्लॅडस्टनला ते पटायचं, कारण साखर तर येत होती.

१८२३ साली ते आलबेल फुटलं. त्या वर्षी इंग्लंडच्या सरकारने गुलामांची स्थिती सुधारण्यासाठी काही सूचना वसाहतींना पाठवल्या. शेतात मुकादमाने चाबूक बाळगू नये, बायकांना फटके मारू नयेत, अशा. सूचना डेमेराराला पोचल्या, पण गव्हर्नरने त्या जाहीर करायला वेळ लावला. गुलामांच्या कानावर अर्धवट बातमी गेली. त्यांना वाटलं, राजाने आपल्याला मुक्त केलंय आणि मालक लोक ते दाबून ठेवतायत. १८ ऑगस्ट १८२३ ला उठाव सुरू झाला. कुठून? ग्लॅडस्टनच्या 'सक्सेस' मळ्यातून. पुढारी होता जॅक, सक्सेसवरचाच पिंपं बनवणारा कारागीर. मालकाचं नाव गुलामाला लागायचं, म्हणून तो इतिहासात जॅक ग्लॅडस्टन म्हणून ओळखला जातो. त्याचा बाप क्वामिना, मळ्यावरचा सुतार आणि शेजारच्या मिशन चॅपेलमधला मानाचा माणूस. म्हाताऱ्या क्वामिनाचं म्हणणं होतं की रक्तपात नको, फक्त काम बंद करू या. हजारो गुलाम उठले, दहा हजारांहूनही अधिक म्हणतात. त्यांच्या हातून मेलेले गोरे दोन-तीन. गोऱ्यांनी मात्र पुढच्या दिवसांत शेकडो गुलाम मारले, कुणाला गोळ्या घालून, कुणाला फाशी देऊन. क्वामिनाला सप्टेंबरमध्ये गोळी घातली आणि त्याचं प्रेत सक्सेस मळ्यासमोर साखळ्यांत टांगून ठेवलं. जॅकला सेंट लुशिया बेटावर हद्दपार केलं. जॉन स्मिथ नावाच्या मिशनऱ्यावर चिथावणीचा आरोप ठेवून त्याला मृत्युदंड ठोठावला. राजाकडून माफी पोचण्याआधीच, फेब्रुवारी १८२४ मध्ये, तो तुरुंगात वारला.

लिव्हरपूलमध्ये ह्यावर काय झालं? वर्तमानपत्रांत वाद झाला. जेम्स क्रॉपर नावाचा क्वेकर व्यापारी गुलामगिरीविरुद्ध लिहीत होता, ग्लॅडस्टन त्याला उत्तरं देत होता. गुलाम समाधानी आहेत, त्यांना अन्न, वस्त्र, औषध मिळतं, बाहेरून येऊन चिथावणारे मिशनरी हे सगळ्याचं मूळ, असा त्याचा सूर. क्रॉपरही काही साधाभोळा नव्हता. तो हिंदुस्थानातून साखर आणणारा व्यापारी, त्यामुळे वेस्ट इंडीजची साखर मागे पडली तर फायदा त्याचाच, असा टोमणा त्याला ऐकावा लागे. पण टोमणा खरा मानला तरी सक्सेससमोर टांगलेलं प्रेत काही खोटं ठरत नाही.

शेवटी १८३३ साली पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. त्या वादात लॉर्ड हॉविकने सभागृहात सांगितलं की ग्लॅडस्टनच्या 'फ्रीड-एन-होप' मळ्यावर साखर जसजशी वाढली तसतसे गुलाम जास्त मेले. त्याला उत्तर द्यायला उभा राहिला नुकताच निवडून आलेला, तेविशीतला विल्यम. थोर लिबरल पंतप्रधानाचं पार्लमेंटातलं पहिलं महत्त्वाचं भाषण हे बापाच्या मळ्याच्या बचावाचं होतं! मुलगा म्हणून त्याचं काय चुकलं म्हणा. पण मळा त्यानेही पाहिला नव्हता.

कायद्याने गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मिळाली. गुलामांना काही नाही. जॉन ग्लॅडस्टनच्या नावावर नऊ मळ्यांवरचे अडीच हजार गुलाम लागले आणि त्याला एक लाख सहा हजारांहून जास्त पौंड मिळाले. ब्रिटनमधल्या मोठ्यात मोठ्या रकमांपैकी ही एक. शिवाय गुलाम लगेच मोकळे झालेच नाहीत. त्यांना 'उमेदवार' असं गोंडस नाव देऊन आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे राबवायचं ठरलं होतं. ती मुदत अखेर १ ऑगस्ट १८३८ ला संपली.

मंडळी, इथे आपला संबंध येतो.

ग्लॅडस्टन दूरचं बघणारा व्यापारी. १७९० मध्ये अमेरिकेत पीक बुडाल्यावर ज्या थंड डोक्याने त्याने दुसरा माल शोधला, त्याच थंड डोक्याने ह्या वेळी दुसरे मजूर शोधले. ४ जानेवारी १८३६ ला त्याने कलकत्त्याच्या 'गिलँडर्स, आर्बथनॉट आणि कंपनी' ह्या पेढीला पत्र लिहिलं. पेढी त्याच्या बायकोच्या नात्यातल्यांची. ह्याच पेढीने मॉरिशसच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानी मजूर पाठवले होते, हे त्याच्या कानावर होतं. पत्राचा आशय असा, की गुलाम मोकळे झाल्यावर त्यांच्यावर अवलंबून राहायला नको, म्हणून शंभरेक तरुण, धडधाकट माणसं पाच ते सात वर्षांच्या कराराने पाठवता येतील का? राहायला घरं देऊ, खायला देऊ, दवाखाना आहे, शाळा आहे, काम हलकं आहे.

पत्र अगदी सभ्य आहे. मला भीती वाटते ती त्या सभ्यपणाचीच. त्यात राग नाही, तुच्छता नाही. एखाद्याने ओळखीच्या आडतदाराला अमुक इतकी पोती पाठवा म्हणून लिहावं तसं आहे.

पेढीचं उत्तर जून १८३६ चं. त्यात सभ्यपणाही उरलेला नाही. माणसं पाठवण्यात अडचण दिसत नाही, कारण कुठे जायचंय आणि प्रवास किती लांबचा, हे त्या लोकांना मुळीच ठाऊक नसतं, असं पेढीने कळवलं. पाठवायचे लोक कोण, तर 'धांगड'. इंग्रजी कागदात हा शब्द आपल्या 'धनगर'सारखा दिसतो, पण हे आपले मेंढ्या राखणारे धनगर नव्हेत. छोटा नागपूरच्या डोंगरांतले उरांव, मुंडा वगैरे आदिवासी. ते माणसापेक्षा माकडाला जवळचे, त्यांना धर्म नाही, शिक्षण नाही, खाणं-पिणं-झोपणं ह्यापलीकडे गरजा नाहीत, असं त्यांचं वर्णन पेढीने केलं आहे. जणू ही मालाची खासियत!

लीथच्या आजारी बायकांसाठी ज्याचा जीव तुटत होता, त्याने हे उत्तर वाचलं आणि ऑर्डर कायम केली. १८३७ साली सरकारनेही अशा पाच वर्षांच्या करारांना मोकळीक दिली.

जानेवारी १८३८ मध्ये कलकत्त्याहून दोन जहाजं निघाली, 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस'. दोन्हींवर मिळून ४१४ हिंदुस्थानी. त्यांत छोटा नागपूरचे डोंगरी लोक होते आणि बंगाल-बिहारकडचे इतरही, बायका अगदी थोड्या. वाटेत १८ जण दगावले. ५ मे १८३८ ला ३९६ जण डेमेराराला उतरले. त्यांतले काही ग्लॅडस्टनच्या दोन मळ्यांवर गेले, फ्रीड-एन-होप आणि फ्रीडेस्टाइन. फ्रीड-एन-होप ह्या डच नावाचा अर्थ काय असावा? 'शांती आणि आशा'.

शांतीही नव्हती आणि आशाही. आधीचे गुलाम त्या ऑगस्टमध्ये मोकळे झाले आणि त्यांच्या जागी हे अडकले. मोबदल्याबद्दल काय कबूल केलं होतं आणि काय मिळतंय, हे विचारायची भाषा त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्या आणि मालकाच्या मध्ये एक दुभाष्या होता, तोच त्यांना मारायचा. पळून गेलेल्यांना पकडून आणून कोंडायचे, फटके द्यायचे आणि जखमांवर मिठाचं पाणी चोळायचे. हे कळलं कसं? तर त्याच मळ्यावरच्या, काल-परवापर्यंत स्वतः गुलाम असलेल्या काळ्या लोकांनी साक्षी दिल्या म्हणून. ज्यांच्यावर अवलंबून राहायला नको म्हणून हे मजूर आणले, त्यांनीच त्यांची बाजू घेतली. मला ह्या सगळ्या हकिगतीत सर्वांत मोठी माणसं वाटली ती ही. गुलामगिरीविरोधी संस्थेचा जॉन स्कोबल तिथे गेला आणि त्याने हे प्रकरण इंग्लंडमध्ये उघड केलं. दुभाष्यावर खटला होऊन त्याला शिक्षाही झाली. मालकावर अर्थातच नाही. मालक हजारो मैल लांब, स्कॉटलंडमधल्या फास्क इथल्या आपल्या वाड्यात.

ह्या ओरडीमुळे हिंदुस्थान सरकारने मजूर बाहेर पाठवणं काही वर्षं बंद ठेवलं. ग्लॅडस्टननेही १८४० च्या सुमाराला डेमेरारातले बहुतेक मळे काढून टाकले. त्या ३९६ जणांपैकी पाच वर्षांची मुदत संपल्यावर २३६ परत आले, साठेक तिथेच राहिले आणि शंभराच्या आसपास मेले. म्हणजे चारातला एक. १८४६ मध्ये पंतप्रधान पीलने जॉन ग्लॅडस्टनला बॅरोनेट केलं, तो 'सर जॉन' झाला. ७ डिसेंबर १८५१ ला फास्कलाच, भरल्या घरात तो वारला. सत्त्याऐंशीला चार दिवस कमी होते.

पण त्याने पाडलेली वाट बंद झाली नाही. १८४५ पासून वेस्ट इंडीजला जहाजं पुन्हा सुरू झाली आणि १९१७ पर्यंत एकट्या गयानात सुमारे २ लाख ३९ हजार हिंदुस्थानी गेले. 'अ‍ॅग्रीमेंट'चं 'गिरमिट' झालं आणि माणसाचं 'गिरमिटिया'. त्रिनिदाद, नाताळ, फिजी, सुरिनाम... सगळीकडे तेच. मॉरिशसला मुंबई बंदरातूनही माणसं गेली, त्यांत आपल्या कोकणातली पुष्कळ. आज तिथे मराठी आडनावांची माणसं भेटतात आणि आपल्याला कौतुक वाटतं. कौतुक जरूर करावं, पण त्यांचे पणजोबा तिथे सहलीला गेले नव्हते, हेही आठवावं.

आता ह्या गोष्टीतलं मला सर्वांत आवडणारं वळण. ही पद्धत मोडायला उभा राहिला तो एक कोकणातलाच माणूस. नामदार गोपाळ कृष्ण गोखले, जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. १९१० साली त्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात नाताळला करारी मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव आणला आणि ४ मार्च १९१२ ला ही पद्धतच सगळीकडून बंद करावी असा दुसरा ठराव. त्यांचं म्हणणं शांत आणि मुद्देसूद होतं. अनोळखी मुलखात, अनोळखी मालकाकडे, वर्षानुवर्षं काम करायला माणूस अंगठा देतो, त्याला लागू होणारा कायदा त्याला न कळणाऱ्या भाषेत असतो आणि बारीकशा चुकीलाही तुरुंग असतो. ह्याला दोन बरोबरीच्या माणसांमधला करार कसा म्हणायचं? ठराव सरकारी मतांनी पाडला. पण पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, ती पद्धत बंद करावी लागली. गोखले तोवर गेले होते. १९१५ मध्येच.

थोरल्या ग्लॅडस्टनने जे सुरू केलं, ते त्याच्या मुलाच्या लिबरल राजकारणावर श्रद्धा असलेल्या पिढीतल्या माणसाने मोडायला घेतलं. इतिहास असा गमतीदार असतो. गोखल्यांनीही गयाना पाहिला नव्हता. म्हणजे न पाहणं हा काही गुन्हा नाही. लांबचं न पाहताही कळू शकतं, कळवून घ्यायचं असेल तर. ग्लॅडस्टनसमोर क्रॉपरची पत्रं होती, पार्लमेंटातले आकडे होते, सक्सेसचा उठाव होता, गिलँडर्सचं उत्तर होतं. त्यातलं काहीच त्याच्यापासून लपलेलं नव्हतं. त्याने मुखत्याराची पत्रं तेवढी खरी मानली, कारण ती सोयीची होती. दानत होती, पण तिला कुंपण होतं. लीथ, लिव्हरपूल, सीफोर्थ, फास्क... जिथवर त्याची बग्गी जायची तिथवर तो दयाळू होता.

हे लिहिताना मला आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवत राहिल्या. मुकादमाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड बैलगाडीत घालायचं आणि सहा महिने परमुलखात. तुलना पूर्ण बसत नाही, बसवूही नये. इथे समुद्र नाही, चाबकाचा कायदा नाही, आणि टोळी हंगाम संपला की घरी येते. पण चहात साखर घालताना आपणही मुकादमाच्या पलीकडे किती पाहतो, हा प्रश्न मनातून जात नाही. दोषी कोण हे शोधायला नाही म्हणत, नुसतं पाहायला म्हणतोय.

दोनशे वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, ग्लॅडस्टन घराण्यातले काही वंशज जॉर्जटाउनला गेले. गयाना विद्यापीठातल्या कार्यक्रमात त्यांनी पूर्वजाच्या गुलामगिरीबद्दल आणि हिंदुस्थानी मजुरांच्या छळाबद्दलही जाहीर माफी मागितली, स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या केंद्राला एक लाख पौंड दिले. माफी कुणाला पुरेशी वाटली, कुणाला नाही. मला एवढंच महत्त्वाचं वाटलं की घराण्यातली माणसं स्वतः तिथे गेली आणि पूर्वजाच्या ऐकणाऱ्या वंशजांऐवजी सोसणाऱ्यांच्या वंशजांसमोर उभी राहून बोलली. सर जॉनला सत्त्याऐंशी वर्षांत ते जमलं नव्हतं.

आणि लीथचं ते चर्च? म्हातारपणी बांधलेलं, शाळा आणि आजारी बायकांच्या आसऱ्यासकट? १९७० च्या दशकात ती इमारत एडिंबरोच्या शीख मंडळींनी घेतली. आज तिथे गुरुद्वारा आहे. वर चर्चचा उंच कळस, आत गुरू ग्रंथसाहिब, आणि येईल त्याला लंगर. तू कुठून आलास, किती वर्षांचा करार, हे कोणी विचारत नाही. साखरेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या त्या छपराखाली आता हिंदुस्थानातून आलेल्यांची नातवंडं पंगत वाढतात.

दान कुठे जाऊन पोचेल हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही, हेच खरं. ते कुठून आलं, हे मात्र त्याला माहीत असतं. निदान माहीत करून घेता येतं.

असो. लेख जरा लांबला. तुमच्यापैकी कुणाचे नातलग मॉरिशसकडे असतील आणि त्यांच्या घरात जुन्या बोटीच्या काही आठवणी सांगत असतील तर जरूर कळवा. वाचायला फार आवडेल.